नारूची पाचवी ओळ

मास्तर, काल तुमच्या तेराव्याला मी भर पंगतीत भांडलो. जेवणं अर्ध्यावर आली होती. पाटील हात जोडून बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आपले मास्तर म्हंजे एकवचनी माणूस. एकदा बोलले ते बोलले. आपला शब्द त्यांनी कदी बदलला न्हाई." माझ्या हातात घास होता. तो पानात ठेवून मी म्हणालो, "खोटं हाय पाटील. तीन डाव बदलला. माझ्याम्होरं बदलला." सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. गावाहून आलेला तुमचा पुतण्या तर असा बघत होता, जशी मी तुमच्या नैवेद्यात माती कालवली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी वाईट बोललोच नव्हतो.

पाटील जुने आहेत, त्यांनी मला ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढं म्हणाले, मास्तरांची आठवण म्हणून बारवेच्या पायऱ्या बुजवू, वर रहाट बसवू, आणि काळ्या दगडात मास्तरांचं नारूवरचं वाक्य कोरून लावू. पायऱ्या बुजवण्यासाठी तुम्ही जिवंतपणी किती उंबरे झिजवले, ते मला माहीत आहे. तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता मेलात, तर दगडसुद्धा मिळाला. रहाटाचं ऐकून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण दगडाचं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ते वाक्य अपुरं आहे, मास्तर. ते तुम्हाला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं. चुकलेलं वाक्य वहीत असलं तर खोडता येतं. एकदा दगडात बसलं की आपल्या गावात लोक त्याला कुंकू लावतील.

तुमची वही आता माझ्याकडे आहे. पुतण्यानं दहाव्याच्या आधीच भांडीकुंडी बांधली, कपडे वाटले, आणि ही वही "तुमचंच नाव हाय हिच्यात जागोजागी" म्हणत माझ्या ओसरीवर ठेवून गेला. संस्थानाच्या सरकारी शाळेत तुम्ही सगळं उर्दूतून शिकवायचात. व्याख्येला तारीफ म्हणायचात आणि मी त्यावरून तुम्हाला चिडवायचो. पण ही वही मराठीत. गावाच्या दुखण्याची वही गावाला कळली पाहिजे, हे तुमचं म्हणणं. पहिल्याच पानावर 'नारू' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय आणि वही माझ्याकडे आली तेव्हा खाली चार ओळी होत्या. तीन खोडलेल्या. खोडलेल्या म्हणजे गिरबटलेल्या नव्हेत, मधोमध एकच रेघ, खालचं सगळं नीट वाचता येतं. मी एकदा म्हणालो होतो, चुकलं ना, मग शाईनं बुजवून टाका. तुम्ही म्हणालात, "कुठनं आलो ते दिसायला पाहिजे, वैद्यबुवा."

पहिली ओळ माझी आहे.

तुम्ही गावात नवे होतात. वैशाख होता. आपल्याकडे वैशाख लागला की घरटी एक माणूस पाय धरून बसायचा. घोट्यावर फोड, आग आग, फोड फुटला की त्यातून पांढरा दोरा डोकवायचा. तो काडीला गुंडाळायचा, रोज बोटभर. ओढला आणि तुटला की पाय सुजून माणूस पेरणीला मुकायचा. मी घरची शेती करून बापाची वैद्यकी चालवणारा, तेव्हा काड्या गुंडाळायला माझ्याच ओसरीवर रांग. तुम्ही येऊन विचारलंत, नारू म्हणजे काय? मी ताठ बसून सांगितलं, वातानं सुकून कातडीबाहेर आलेली शीर. बापानं मला सांगितलेलं, त्याच्या बापानं त्याला. तुम्ही ते मुकाट लिहून घेतलंत. मला वाटलं, चला, गावाला एक शहाणा मास्तर मिळाला.

चार दिवसांनी तुम्ही भिंग घेऊन आलात. पितळेच्या वाटीत पाणी घेतलंत आणि एका गड्याच्या पायातून काढलेला ताजा दोरा त्यात सोडलात. पाण्यात दुधासारखं काहीतरी पसरलं. भिंगातून बघा म्हणालात. मी बघितलं. ते दूध वळवळत होतं. तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "शिरेला पिल्लं होतेत का, वैद्यबुवा?" मी म्हणालो, वाताच्या शिरेला काहीही होतं. तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. मग माझ्यादेखत माझ्या ओळीवर रेघ मारलीत आणि खाली लिहिलंत, नारू म्हणजे माणसाच्या कातडीखाली वाढणारा जंत. तीन पिढ्यांचं ज्ञान एका रेघेत गेलं. मी महिनाभर तुमच्याशी बोललो नाही. समोरून आलात की मी वाट बदलायचो.

त्या महिन्यात तुमच्या शाळेवर तपासणीचे साहेब आले होते. भिंतीवरच्या नकाशात आठ ग्रह छापलेले आणि तुम्ही नववा कागदाचा कापून खळीनं चिकटवलेला. साहेबांनी विचारलं, किताबात आठ आहेत, तुम्ही कोण नववा आणणारे? तुम्ही म्हणालात, "साहेब, किताब छापली तवा आठच ठावं होते." साहेबांनी तो काढायला लावला. ते गेल्यावर तुम्ही पुन्हा चिकटवलात. हे मला पोरांकडून कळलं आणि मी घरी सुभद्रेला म्हणालो, "ह्या माणसाला एक गोष्ट धड धरून ठेवता येत न्हाई." सुभद्रा म्हणाली, "तुमाला एक सोडता येत न्हाई." बायको तुमच्या बाजूची होती, पहिल्यापासून.

अबोला तुम्हीच मोडलात. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून आलात आणि तडक माझ्या ओसरीवर. नारू पोटात जातो तो पाण्यातून, म्हणालात. पाण्यात बारीक पिसवा असतात, त्यांच्या पोटात त्याची पिल्लं असतात. बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाला धरलंत, तेव्हा मलाही त्या दिसल्या. पांढरे ठिपके, झटके देत पळणारे. आयुष्यभर मी ते पाणी निर्मळ म्हणून प्यालो होतो. तुम्ही दुसऱ्या ओळीवर रेघ मारून तिसरी लिहिलीत, नारू म्हणजे न गाळलेल्या पाण्यातून पोटात जाणारा जंत. मानवतच्या बाजारातून मांजरपाटाचा तागा आणलात, घरोघर फडकी वाटलीत. गाळून प्या, नारू जाईल, असं पारावर उभं राहून सांगितलंत.

पुढच्या वैशाखात गावातला नारू बराच कमी झाला. पण माझ्या घरात निघाला. सुभद्रेच्या पायाला.

आता जे लिहितोय ते मी तुमच्याजवळ कधी बोललो नाही. बायकोच्या घोट्यावर फोड दिसला तेव्हा मला आधी आनंद झाला. काळजी मागून आली. मी तसाच शाळेत आलो, भर वर्गातून तुम्हाला उठवून घरी आणलं आणि तिचा पाय पुढं करून दाखवला. बघा म्हणालो, गाळून पिणारं घर आहे हे, रोज गाळतं, आणि हा बघा तुमचा गाळलेला नारू! सुभद्रा आम्हा दोघांकडे बघत म्हणाली, "माजा पाय जळायलाय, आन् तुमी जिंकायलाव व्हय?" मी तेव्हाही हसलो. त्याच घाईत, तुम्हाला आख्खा दोरा काढून दाखवायच्या नादात, मी काडी जास्त फिरवली आणि दोरा तुटला. तिचा पाय तेव्हापासून वाकडा पडतो. गावाला वाटतं ते नारूनं झालं. ते माझ्या हातानं झालं.

 तुम्ही तिच्यापुढं खाली बसलात आणि विचारलंत, "वैनी, पाणी कसं गाळता ते दाखवाल का?" मला राग आला, बाईमाणसाला काय विचारायचं त्यात. ती सुजल्या पायानं उठली. रांजणाच्या तोंडावर फडकं टाकलं, घागर ओतली. मग फडकं उचललं, उलटं केलं आणि दुसरी घागर ओतली. तुम्ही म्हणालात, "उलटं कामून केलं?" ती म्हणाली, "एक अंग मळलं की दुसरं वर करायचं. मळल्या अंगानं कोन गाळतंय? आमच्यात समदे असंच करतेत."

तुम्ही कपाळाला हात लावलात. पहिल्या घागरीच्या पिसवा फडक्याच्या वरच्या अंगाला अडकत होत्या आणि फडकं उलटं झालं की दुसऱ्या घागरीच्या पाण्याबरोबर रांजणात उतरत होत्या. जी बाई जास्त स्वच्छतेची, ती जास्त वेळा फडकं उलटं करत होती. सुभद्रेइतकी स्वच्छ बाई गावात दुसरी नव्हती.

त्याच दिवशी तुम्ही पारावर माणसं गोळा केलीत. म्हणालात, मी तुम्हाला गाळा म्हणालो, कसं गाळायचं ते बोललो नाही, गाळलेलं म्हणजे काय ते मलाच पुरतं कळलं नव्हतं, माझी चूक झाली. एका अंगाला काळ्या दोऱ्याचा टाका घाला, तो कायम वर ठेवा. लोक हसले. कुणी म्हणालं, "आज एक, उद्या एक, मास्तर हाय का सरडा?" आणि त्या घोळक्यात सगळ्यात मोठ्यानं हसलेला माणूस मी होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझ्या घरातली गोष्ट, माझ्या बायकोनं उलगडून दाखवलेली, आणि मी हसलो. माफी मागायला मला आठ वर्षं मिळाली होती, मास्तर. रोज संध्याकाळी तुम्ही ओसरीवर येत होतात. मी सुपारी कातरून दिली, वाद घातला, पण माफी मागितली नाही. आता मागतो. तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवशी तुम्हाला सरडा म्हणणाऱ्यांना मला आज विचारायचंय. माझ्या घराण्यानं तीन पिढ्या एक ओळ बदलली नाही. त्यानं कुणाचा पाय वाचला? आमचा शब्द पक्का होता आणि गाव लंगडत होतं. सगळीकडे आता दबक्या आवाजात राज्य बदलायची भाषा चालली आहे. मोठमोठी माणसं बोलायलीत. आणि ह्यांना एका दुखण्याची एक ओळ बदललेली सोसत नाही!

चौथी ओळ तुम्ही बारवेवर बसून लिहिलीत. ज्याच्या पायाला नारू, त्याच्या पायाची आग व्हायची. पाणी भरायला उतरला की शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभा राहायचा, गार वाटायचं म्हणून. तुम्ही तासन्‌तास ते बघत बसायचात. मग मला म्हणालात, "वैद्यबुवा, आपण घरी गाळायलाव आन् बारवेत पेरायलाव." वाटीत जे दूध पसरलं होतं, तेच रोज बारवेत पसरत होतं. तिसऱ्या ओळीवर रेघ गेली. चौथी आली, नारू म्हणजे ज्या पाण्यात माणसाचा पाय बुडतो, त्या पाण्यातून होणारा जंत. मग तुम्ही पाटलांच्या मागं लागलात, पायऱ्या बुजवा. पाटील म्हणायचे, "बाप-आज्यापासून उतरतो आमी. आता पानी काय पोहऱ्यानं वडायचं? आमी काय परके हाओत, खाली उतरायचं न्हाई ते?"

ह्या माघात मी तुमची चौथी ओळ धरली. खरं सांगतो, मला तुम्हाला हरवायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणालो, ओढ्यापलीकडची वस्ती दिवसभर ओढ्यात पाय घालून असते, धुणं तिथंच, पिणं तिथंच. आपल्या बारवेला त्यांना शिवू देत नाहीत. दहा वर्षांत तिकडून माझ्याकडे नारूचा एक रोगी आला नाही. तुमच्या ओळीनं तर त्यांच्यात सगळ्यात जास्त नारू पाहिजे.  मग म्हणालात, "वैद्यबुवा, तिकडून दुसरा कुठला रोगी तरी तुमच्याकडं येतो का?"

तापालासुद्धा तिकडून कुणी माझ्या ओसरीवर आलेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बगायला पाहिजे. जाऊन बगतो." पुढच्या आठवड्यात तुम्हाला ताप भरला. माझे काढे चालले नाहीत, परभणीच्या बाटल्याही चालल्या नाहीत. शिमग्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या तापात तुम्ही दोनदा माझा हात धरून "ओढा" म्हणालात. भोवतीच्यांना वाटलं, पाणी मागायलेत.

म्हणून मी गेलो. तुमचा दहावा झाला, त्या दुपारी मी ओढा ओलांडला. साठीला आलेला माणूस मी, आणि ती वस्ती माझ्या शेताच्या बांधावरून दिसते, तरी कधी गेलो नव्हतो. सटवाजी नावाचा म्हातारा लिंबाखाली बसला होता. मला बघून गडबडून उठला, घोंगडी अंथरली आणि आपण लांब जाऊन उभा राहिला. जवळ या म्हणायला मला जमलं नाही, हेही लिहून ठेवतो. मी विचारलं, वस्तीत नारू किती जणांना झालाय? तो हसला. "आमाला कशाचा नारू, वैद्यबुवा? तुमची बारव, तुमचाच नारू." त्यानं बायका बोलावल्या, गडी बोलावले. सगळ्यांचे घोटे मी बघितले. कुणाच्या पायाला वण नाही. "दिसभर पान्यात हावोत आमी," सटवाजी म्हणाला. "पर वड्याचं पानी थांबत न्हाई. आलं की गेलं." मग आठवून म्हणाला, "एकाला झालता, मागंच गेला तो. पाटलाकडं सालगडी हुता. वरून वतलेलं तुमचंच पानी पेत हुता."

घरी येऊन मी वही उघडली. मास्तर, तुमच्या चौथ्या ओळीवर रेघ मारायला मी टाक उचलला. माझ्या ओळीवर तुम्ही रेघ मारलीत तेव्हा मी तुमच्यासमोर होतो, चिडलो, भांडलो. तुम्ही काहीच बोलणार नव्हतात. तरी मारली. खाली माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं, नारू म्हणजे नारू झालेल्या पायानं साचलेल्या पाण्यात पेरलेला जंत, आणि तेच पाणी प्यालेल्याच्या पोटात तो उगवतो.

आज सकाळी पाटील आले. कालचा राग त्यांच्या तोंडावर होता. पाथरवटाला चौथं वाक्य देऊन बसले होते. मी वही दाखवली. ते म्हणाले, "मेलेल्या मानसाचं वाक्य खोडायला तुमचा हात कसा रेटला?" मी म्हणालो, "त्यांनीच रेटायला शिकवला." त्यांनी पाचवी ओळ दोनदा वाचली. मग खरं दुखणं बाहेर आलं. "आन् हे कुटनं कळलं म्हनून लोक इचारतील, तवा काय सांगायचं?" "ओढ्यापल्याडच्या सटवाजीनं सांगितलं म्हणून सांगायचं." "बारवेवर त्याचं नाव घ्यायचं?" "घ्यायचं. आपण ज्यांना बारवेला शिवू दिलं न्हाई, त्यांचे पाय धड हायेत आन् आपले गेले. दगडात काही कोरायचंच असलं तर ते कोरा."

पाटील उठून गेले. मला वाटलं, रहाटही गेला आता. पण दुपारी त्यांचा गडी निरोप घेऊन आला. पायऱ्या बुजवणार, रहाट बसणार. दगड नाही. बारवेच्या भिंतीला चुना लावून गेरूनं लिहायचं, आणि दर वर्षी चुना लावताना वैद्यबुवांना विचारायचं की ओळ तीच आहे का. सटवाजीच्या नावाचं काही बोलले नाहीत. ते मी लिहिणार आहे, गेरू माझ्या हातात असेल तेव्हा. पाटलांना काय करायचं ते करू दे. दोरी टाकून पाणी ओढायला त्या वस्तीनं यावं, हे भांडणही मी काढणार आहे. तुम्ही ते मनात ठेवून होतात, मला दिसत होतं.

मग मी सुभद्रेला पाचवी ओळ वाचून दाखवली. मोठ्या ऐटीत वाचली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् चैतात वड्याचं पानी तुटतंय तवा? जागोजागी डबकी ऱ्हातेत. ते पानी वाहतं म्हनायचं का साचलेलं? तवाबी त्येंला नारू कामून होत न्हाई?"

तांदूळ निवडून व्हायच्या आत माझी ओळ हलली. मी आधी चिडलो, सवयीनं. तुला काय कळतं, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मग मला एकदम तुमची इतकी आठवण आली की मी ओसरीवर जाऊन बसलो. हा प्रश्न ऐकून तुम्ही उठून उभे राहिला असतात. आनंदानं टाळी वाजवली असतीत. आणि मग माझ्याकडे बघून हसला असतात, ते हसू मला हवंय, मास्तर. दुसरं काही नको.

उद्या सकाळी मी ओढ्यावर चाललोय. सुभद्रा येते म्हणाली. तिथल्या बायकांना ती विचारणार आहे, डबक्यातलं पितात का वाळूत झिरा उकरून पितात, मला त्या सांगायच्या नाहीत. ती लंगडत येईल, तेव्हा आम्हाला वेळ लागेल. गाव दारात उभं राहून बघेल. वैद्याचं डोकं फिरलं, बायकोला घेऊन कुठं निघाला, असंही म्हणेल. म्हणू दे. माझी ओळ चुकली असली तर तिथंच काठावर बसून, सगळ्यांच्या देखत, मी ती खोडणार आहे.